छत्रीची कात

"हे मेलेलं हाय," हलीमाने एका वाक्यात निकाल दिला.

मासळीची पाटी तिने दारात उतरवली होती आणि गुडघ्यांवर हात टेकून ती टाकीच्या काचेला नाक लावून बघत होती. तिच्या शेजारी माई, म्हणजे माझ्या सासूबाई, सुरमईसाठी आणलेलं पातेलं कमरेवर टेकवून उभ्या होत्या. दोघींच्या मागे मी, हातात थर्मामीटर घेऊन.

"तो मासा नाही," मी म्हटलं. "ते प्रवाळ आहे. प्राणी आहे, पण मासा नाही."

"मग मेलेला प्राणी हाय. पंचवीस वर्सं मासे विकते मी, वैनी. मेलेलं ओळखायला मला वास पण लागत नाय."

माईंनी काचेतून एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हलीमाला म्हणाल्या, "तू सुरमई काप. डोकं वेगळं ठेव."

ही गोष्ट आमच्या रत्नागिरीच्या घरातली. माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माझा नवरा निरंजन मालवाहू जहाजावर इंजिनिअर. सहा महिने समुद्रावर काढून त्याचं समाधान होत नसे, म्हणून त्याने घराच्या हॉलमध्येही समुद्र करून ठेवला होता: दोनशे चाळीस लिटरची काचेची टाकी, वर निळसर दिवे, मागे पंप, तळाला खडक आणि खडकांवर मऊ प्रवाळं. हाताने शिवली तर रबरासारखी लागणारी, पाण्याबरोबर डुलणारी. तो जहाजावर गेला की ही टाकी माझ्याकडे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, तेव्हा पाण्याचं मला जमेल असा त्याचा हिशेब.

माई आल्यागेल्याला सांगत, "खिडकीतून समुद्र दिसतो आमच्या. आणि सून बादलीत समुद्र कालवते."

ते खरंच होतं. पुण्याहून खास मिठाची पोती येत. मशीनमधून गाळलेल्या पाण्यात ते मीठ मी वजन करून विरघळवत असे, लिटरला पस्तीस ग्रॅम. किनाऱ्याच्या पाण्यात बोटींचं तेल असतं, गटार असतं, पावसाळ्यात खारटपणा उतरतो, हे सगळं मी माईंना एकदा नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकं मीठ मोजता येतं, मग आमटीत कमी का पडतं?"

कारण आमटीतही मी मोजूनच घालत असे. लग्नानंतर पहिल्या दिवसापासून माझ्या हातच्या प्रत्येक पदार्थाचा पहिला घास घेऊन माई म्हणत, "मीठ अंमळ कमी." वरून मीठ मात्र त्या कधीच घेत नसत. नुसतं नोंदवून जेवायला लागत.

एरवी आम्ही दोघी फारसं बोलत नव्हतो. भांडण नव्हतं, फक्त सवय नव्हती. एके दिवशी मी मोजलं होतं, सकाळपासून झोपेपर्यंत सतरा वाक्यं. त्यातली चार गॅस सिलिंडरवर होती.

सगळ्यात जास्त त्या बोलल्या होत्या ते माझ्या पहिल्या आठवड्यात, घर दाखवताना. विजेचं मेन स्विच कुठे, पाण्याची मोटर कशी चालू होते, जादा किल्ली कुठल्या डब्यात. शेवटी देवघरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवरचा एक मुठीएवढा तांब्याचा गडू दाखवला. तोंडाला डाग देऊन बंद केलेला, काळवंडलेला.

"हा नीट बघून ठेव," त्या म्हणाल्या. "निरंजनला वेळेवर काही सापडत नाही."

गडूत काय असतं ते मला माहीत होतं. वेळ कसली, ते मी विचारलं नाही. किल्ली आणि मोटर यांच्याच यादीत मी तोही मनाशी टिपून ठेवला.

तर, छत्री. त्या प्रवाळाला निरंजनने दिलेलं हे नाव. चार वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा तुकडा रबरबँडने दगडाला बांधून त्याने टाकीत सोडला होता. आता त्याची जेवणाच्या ताटाएवढी छत्री झाली होती, खाली जाड देठ आणि वर पिवळसर तपकिरी कडा. त्या छत्रीवर शेकडो बारीक धागे आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला आठ पाकळ्यांची चांदणी. पंप चालू झाला की सगळं एकदम झुलायचं. टाकीतले मासे मेले तर निरंजन हळहळत असे, पण छत्रीविषयी तो बोलतच नसे, नुसता समोर खुर्ची टाकून बसत असे.

जाताना त्याने दारात माईंना सांगितलं, "औषधं वेळेवर घे." मला सांगितलं, "बाकी काही झालं तर झालं. छत्रीला जप."

तो जिना उतरल्यावर माई म्हणाल्या, "आईला गोळ्या आणि छत्रीला माणूस!"

मी ते सगळं परीक्षेसारखं घेतलं. वही केली. तापमान, क्षार, नायट्रेट, सगळं रोज. आणि तो जाऊन तेविसावा दिवस उजाडला तेव्हा छत्रीचे धागे आत गेले होते. दुसऱ्या दिवशी कडा आक्रसल्या. तिसऱ्या दिवशी ती एका बाजूला कलली आणि तिच्यावर मेणासारखी चकाकी आली. मी सगळ्या चाचण्या केल्या. सगळे आकडे बरोबर आले. तीच तर पंचाईत होती. आकडे चुकले असते तर मला दुरुस्त करता आले असते.

म्हणून मग मी जे जे करता येईल ते ते केलं. पाणी बदललं. दिवे मंद केले. परत प्रखर केले. दगड उचलून डावीकडे ठेवला, मग उजवीकडे. छत्री आणखी मिटली. आणि पाचव्या दिवशी, रविवारी, हलीमाने येऊन तो निकाल दिला.

ती गेल्यावर मी टाकीची काच पुसायला घेतली. पुसता पुसता माझे डोळे भरून आले. टाकीसाठीचाच फडका होता, त्यानेच मी ते टिपले. मागे वळले तर माई स्वयंपाकघराच्या दारात. त्या तशाच आत वळल्या. दुपारी माझ्या ताटाशेजारी न मागता सोलकढीची वाटी होती.

संध्याकाळी निरंजनचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. माई शेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"छत्री कशी आहे?" त्याने तिसरंच वाक्य हे विचारलं.

"छान आहे."

"फुललीय?"

"हो. पूर्ण."

मी फोन ठेवला. माईंनी एक खडा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "उद्या वीजबिलाची शेवटची तारीख आहे."

सोमवारी तासांच्या मधल्या सुट्टीत मी पुण्याला चिटणीसांना फोन लावला. निरंजनला प्रवाळाचा तुकडा त्यांनीच दिला होता. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, घरात चार टाक्या. मी त्यांना सगळे आकडे वाचून दाखवले. ते मधेच हसायला लागले.

"अहो, ताई, ती कात टाकतेय!"

"म्हणजे?"

"अंगावर शेवाळ बसतं, कचरा बसतो. मग ती मिटते, मेणासारखा पापुद्रा धरते आणि एक दिवस तो सोडून देते. वर्षातून दोनचारदा करते; एरवी दोनेक दिवसांत उरकतं, म्हणून लक्षात येत नाही. निरंजनने सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"त्याला वाटलं असेल, तुम्हाला ठाऊक असणार. काही करू नका. पंपाचा झोत जरा तिच्याकडे वळवा, बास. शास्त्राच्या माणसांना नेमकं हेच जमत नाही. आठवडाभर खिशात हात घालून बसा."

"साडीला खिसा नसतो," मी म्हटलं, आणि मलाच आश्चर्य वाटलं, कारण मी सहसा विनोद करत नाही.

घरी येऊन मी पंपाचा झोत वळवला, वहीत "कात" असं लिहिलं आणि निवांत चहा केला. माईंना हे सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. टाकी हे माझं खातं आणि त्यांचा त्याच्याशी संबंध नाही, असं मी पहिल्यापासून धरून चालले होते. तशी मी कुणाला काही आपणहून सांगणारी नव्हतेच.

गुरुवारी मी चार वाजता कॉलेजातून आले. छत्री तशीच, मेणचट आणि कललेली. पण पाण्यावर एक तुळशीचं पान तरंगत होतं.

माई आतून आल्या. नेसूची साडी धुवट, केस ओले, डाव्या अंगठ्याला हळद लावून चिंधी बांधलेली.

"माई, टाकीत काही घातलंत का?"

"छे."

"तुळशीचं पान आहे."

"उडून आलं असेल."

"तुळस खाली अंगणात आहे. आपण वरच्या मजल्यावर."

"वारा आहे आज," माई म्हणाल्या.

बाहेर पानही हलत नव्हतं. माझ्या गप्प बसण्याचा एवढा उपयोग मला आधी कधी कळला नव्हता. मिनिटभरात माई म्हणाल्या, "थोडी गंगा घातली."

"कशातली?"

"गडूतली."

"तांब्याच्या?"

"मग गंगा काय प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात?"

तांबं. माशांना औषध म्हणून चालतं, पण प्रवाळाला विष. निरंजनने त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने हा एकच शब्द लिहून ठेवला होता.

"थोडी म्हणजे किती?"

"सगळीच," माई म्हणाल्या. "तळाशी राहिली होती ती टाकीतल्याच पाण्याने विसळून घातली. वाया कशाला घालवायची?"

मी पर्स खाली टाकली. दोन बादल्या काढल्या, मिठाचं पोतं ओढलं, पाण्यातलं विष शोषून घेणारा काळा कोळसा पिशवीत भरून गाळणीत ठेवला. माई माझ्या मागून हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये येत होत्या.

"काही चुकलं का?"

"थांबा जरा, माई."

"देवाचंच पाणी आहे ते."

"थांबा ना."

मग मी स्वतःच थांबले. बादली ठेवून वही उघडली आणि गणित मांडलं. गडू साधारण एकशेवीस मिलिलिटरचा. त्यात इतक्या वर्षांत तांबं उतरून उतरून किती उतरेल? लिटरला पाच मिलिग्रॅम धरू, फारच जास्त धरू. ते दोनशे चाळीस लिटरमध्ये गेलं. दोन हजार पटीने पातळ. उत्तर आलं ०.००२५. मी ते परत केलं, परत तेच आलं. माशांच्या रोजच्या खाण्यातूनही एवढं तांबं पाण्यात जात असेल. छत्रीला त्याचा पत्ताही लागला नसता.

मी पेन ठेवलं. काही झालेलं नाही हे कळल्यावरच मला समोरचं दिसायला लागलं. टेबलावर तो गडू होता. डागाच्या मधोमध खिळा ठोकून पाडलेलं भोक, बाजूला हातोडीचे दोन चुकलेले घाव, पोचा आलेला. तिसरा चुकलेला घाव अंगठ्यावर पडला असणार.

"माई, ही गंगा... वरच्या फळीवरची?"

"घरात दुसरी कुठे आहे?"

"बाबांनी आणलेली?"

"काशीहून. दोन गडू आणले होते त्यांनी, एक त्यांचा आणि एक माझा. त्यांचा त्यांना लागला." त्यांनी गडू उचलून पदराने पुसला. "माझा इथे लागला."

मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

"अशी बघू नकोस. मी काय आजच निघालेय? हिला घाई होती." त्यांनी हनुवटीने टाकीकडे खूण केली. "निरंजनला फोनवर खोटं सांगितलंस. खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. म्हटलं, एवढी नेमकी बाई खोटं बोलतेय, म्हणजे जिवावर आलंय. मला काय कळतं त्यातलं? माझ्याकडे होतं ते घातलं."

"पण मग तुमच्या वेळी काय?"

"टाकीतलं घाल चमचाभर. सगळी त्यातच तर आहे."

"ते खारट असतं, माई."

"बरंच झालं की! तुझ्या हातचं एकदा तरी काही खारट मिळेल."

हे त्या अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

छत्री मरत नव्हती, हे तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं. पण जे ऐकून त्यांचा गडू फुकट गेला असा अर्थ निघाला असता, ते वाक्य काही माझ्या तोंडून बाहेर येईना. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी सकाळी मी टाकीचे दिवे लावले. छत्रीच्या कडेला एक पापुद्रा सुटला होता. पंपाच्या झोतात तो फडफडत होता, दुधावरच्या सायीसारखा. तासाभरात तो सबंध निघून आला. मी जाळीने तो बाहेर काढला. खालची छत्री नवी, स्वच्छ, आधीपेक्षा जरा फिकी. आणि दहाच्या सुमारास एका कडेने चांदण्या बाहेर यायला लागल्या.

"हलीमा!" माईंनी बाल्कनीतून हाक मारली, ती अजून रस्त्याच्या टोकाला असतानाच. "वर ये! आधी वर ये!"

हलीमा धापा टाकत आली. माईंनी तिला खांद्याला धरून काचेसमोर उभं केलं.

"मेलेलं ओळखायला वास लागत नाही ना तुला? घे वास!"

हलीमा बघतच राहिली. "अगो बाय! ह्याला काय केलंत?"

"गंगा घातली."

"मग माझी कालची कोळंबी उरलीय पाटीत," हलीमा म्हणाली. "तिच्यावर पण चार थेंब मारा."

"संपली. सगळी इथेच लागली," माई म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच ऐकलं. हलीमा गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं शास्त्र काय म्हणतं यावर?"

"शास्त्राला हे सांगता येणार नाही, माई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ आल्या आणि दोन बोटांनी त्यांनी माझ्या कानाची पाळी धरली.

"लाल झालाय," त्या म्हणाल्या. "काय ते खरं सांग."

मी सांगितलं. चिटणीस, कात, सोमवारचा फोन, तांब्याचं गणित, सगळंच. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. माझं संपल्यावर माईंनी कान सोडला.

"म्हणजे सोमवारीच तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी गुरुवारी अंगठा फोडून घेतला."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला त्यात काही..." माझं वाक्य पुरं होईना.

"काही नाही असं वाटलं?" माई म्हणाल्या. "अगो, महिनाभर तू रोज सकाळी त्या छत्रीशी बोलतेस. माझ्याशी बोलतेस त्याच्या दुप्पट. मी आतून ऐकते. तीच मेली असती तर ह्या घरात बोललं कोण असतं?"

मी छत्रीशी बोलते हे मला माहीतच नव्हतं.

"आता माझं गंगाजळ फुकट गेलं म्हणायचं," माई म्हणाल्या.

"गेलं नाही. आहे टाकीत," मी म्हटलं. "दोन हजार भागांत एक भाग."

त्यांना परत हसू फुटलं. मग मलाही. त्या दिवशी आम्ही बोललेली वाक्यं मी मोजली नाहीत. दुपारी सुरमईचा पहिला घास घेऊन माई म्हणाल्या, "मीठ अंमळ कमी."

निरंजन परत आला तेव्हा तो टाकीसमोर खुर्ची टाकून बसला, तर शेजारी आणखी दोन खुर्च्या होत्या. माई त्याला सांगत होत्या, "कात टाकते ती. माहीत नव्हतं तुला?"

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. छत्री मधे तीनदा कापावी लागली, इतकी वाढली. तिचे तुकडे आता रत्नागिरीत दोन घरांत आणि कोल्हापुरात एका घरात आहेत. गेल्या मार्चमध्ये माईंनी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी पलंग हॉलमध्ये टाकीसमोर घ्यायला लावला. दर रविवारी मी टाकीचं दहावा हिस्सा पाणी बदलत असे, तेव्हा पडल्या पडल्या विचारत, "माझी गंगा फेकत नाहीस ना सगळी?"

"नव्वद टक्के ठेवते," मी सांगत असे.

एका सकाळी डॉक्टर बघून गेले आणि निरंजनला बाजूला घेऊन काही म्हणाले. तो तडक देवघरात गेला. कपाट उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज आला.

"शर्वरी! गडू कुठे गेला? इथे वरच असायचा! शर्वरी!"

मी तोवर टाकीपाशी होते. छत्री पूर्ण फुलली होती. तिच्या कडेखालचं पाणी मी स्टीलच्या चमच्यात घेतलं आणि वर तुळशीचं पान ठेवलं. दर रविवारी दहावा हिस्सा, अकरा वर्षं, हे गणित मला येतं. ते मी केलं नाही.

निरंजन धावत आला. "हे काय? गंगा कुठून आणलीस?"

"माईंनी ठेवली होती तिथून."

मी चमचा त्यांच्या ओठांना लावला. थोडं आत गेलं, थोडं हनुवटीवर ओघळलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मग ओठ हलले, आणि आवाज इतका बारीक आला की निरंजनला वाकावं लागलं.

"बरोबर आहे," माई म्हणाल्या.

"काय बरोबर आहे, आई? काय?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय ती?"

"मीठ," मी म्हटलं.